‘रोज एक पान’: त्या मेसेजला एका बालवाडीताईचं उत्तर

पुण्यातल्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. आधी कोथरूडच्या भाचीनं पाठवला, मग सिंहगड रोडच्या एका ओळखीच्या बाईंनी. परवा तर माझ्याच हाताखालून गेलेल्या आणि आता आई झालेल्या मुलीनं पाठवला, वर ‘ताई, हे खरं का हो?’

मेसेज थोडक्यात असा. मुलाला तीन वर्षं पूर्ण झाली की रोज एक पान लिहायला बसवा, कारण हात कोवळा असतानाच वळतो. ठिपक्यांवरून गिरवून घ्या, म्हणजे अक्षर पक्कं होतं. पेन्सिल पहिल्या दिवसापासून तीन बोटांतच हवी. अ ते ज्ञ हा क्रम मोडू नका. डावा हात पुढे येत असेल तर आत्ताच बदला. आणि चौथ्या वाढदिवसापर्यंत मुळाक्षरं आली नाहीत तर पहिलीचा प्रवेश विसरा. शेवटी अर्थातच ‘दहा पालकांना पाठवा’.

पेठेतल्या एका बालवाडीत मी २७ वर्षं छोटा गट सांभाळला. तेव्हा दहा पालकांना पाठवण्याऐवजी उत्तरच लिहिते.

पहिलं, हात कोवळा असण्याचं. साधारणपणे मूल दोन-अडीच वर्षांचं झालं की समोरची उभी रेघ बघून काढतं, तिसऱ्याच्या आसपास गोल, चौथ्याच्या आसपास अधिकचं चिन्ह, त्यानंतर चौकोन, आणि त्रिकोण पाचव्या वर्षाच्या सुमारास. थोडं मागेपुढे होतंच, पण क्रम बहुधा हाच. तिरकी रेघ उशिरा जमते. आता आपली अक्षरं बघा. ‘र’चा पाय तिरका. ‘ख’मध्ये तो पाय पुढच्या वळणाला नेऊन भिडवायचा. ‘झ’ आणि ‘क्ष’चं तर नावच नको. ज्या मुलाचा गोल अजून नीट मिटत नाही, त्याच्यापुढे ‘अ’चं पान ठेवलं तर ते काहीतरी काढतं खरं, पण ते ‘अ’ नसतं, आई उठू देईपर्यंतचा वेळ असतो.

इथे उलट्या बाजूच्या मेसेजचाही समाचार घेते, कारण तोही फिरतो. त्यात लहान मुलाच्या हाताचा एक्स-रे असतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘बघा, मनगटात हाडंच नाहीत, सात वर्षांपर्यंत पेन्सिल देऊ नका.’ मनगटाची आठ हाडं जन्मतः कूर्चेची, म्हणजे मऊ आणि लवचीक, असतात आणि वर्षांनुवर्षं एकेक करून टणक होत जातात, शेवटचं तर नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान, हे खरं आहे. पण कूर्चा एक्स-रेत दिसत नाही म्हणून तिथे पोकळी आहे असं नव्हे. त्याच मनगटानं मूल चमचा धरतं, डबा उघडतं, भावंडाचे केस ओढतं. लिहायला उशीर लागतो तो मुख्यतः बोटांवरचा ताबा आणि डोळ्या-हाताचा मेळ बसायला. चित्र काढायला, रेघोट्या मारायला पेन्सिल जरूर द्या. पान भरायला देऊ नका, एवढंच माझं म्हणणं.

मग हात वळतो कशानं? घरातल्या कामांनी. कणकेचा गोळा मळणं, मटार सोलणं, ओलं फडकं पिळणं, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणं. गणपतीत दूर्वा निवडून एकवीसची जुडी करायला बसवा, चिमटीचा याहून चांगला व्यायाम मला माहीत नाही. रांगोळी सोडताना अंगठा आणि तर्जनी जे करतात, तेच पुढे पेन्सिलीवर करायचं असतं. दिवाळीत सोसायटीत किल्ला होतो तेव्हा मूल दगड उचलतं, माती थापतं, त्यात खांदा आणि दंड तयार होतात. खांदा डळमळीत असेल तर बोटं नीट चालत नाहीत, हे पालकांना सांगितलं की नवल वाटतं. उभ्या फळ्यावर किंवा गच्चीच्या भिंतीवर ओल्या ब्रशनं रेघा मारायला द्या, तिथे मनगट आपोआप योग्य बाजूला वळतं. हे काही मी शोधलेलं नाही. ताराबाई मोडक आणि पुण्यात हुजूरपागा शाळेत शिकवून पुढे बोर्डी गावी गेलेल्या अनुताई वाघ यांनी शंख, शिंपले, बिया, पानं घेऊनच बालवाड्या चालवल्या.

आता गिरवण्याचं. मेसेजमधला सगळ्यात लाडका आणि माझ्या मते सगळ्यात चुकीचा मुद्दा हाच. अप्पा बळवंत चौकात कुठल्याही दुकानात ‘लहान मुलांचं लेखन’ म्हणालात की ठिपक्यांच्या पुस्तकांचा गठ्ठा समोर येतो. गिरवलेलं पान देखणं दिसतं, आई खूश होते. पण ते पान भरताना मुलाच्या शेजारी बसून हात बघा. ‘ग’चा दंड खालून वर चाललेला असतो. कुणी ‘व’चा पोटगोळा शेवटी जोडतं. कुणी आधी शिरोरेषा ओढून घेतं आणि तिला अक्षर लटकवतं. ठिपक्यांमुळे ही सगळी भानगड झाकली जाते, आणि ठिपके काढून घेतले की मूल कोऱ्या कागदाकडे बघत बसतं. २०१२ साली अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या करिन जेम्स आणि त्यांच्या सहकारी लॉरा एंगेलहार्ट यांचा एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध झाला. अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी काही अक्षरं हातानं काढली, काही गिरवली, काही टाइप केली. नंतर ती अक्षरं बघताना मुलांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. वाचनाशी जोडलेले भाग जागे झाले ते स्वतः हातानं काढलेल्या अक्षरांना. गिरवणं त्या बाबतीत टायपिंगच्याच रांगेत राहिलं. म्हणजे मुलाचं वेडंवाकडं, दर वेळी वेगळं येणारं अक्षरच कामाचं असतं.

‘पण माँटेसरीत तर गिरवतातच की!’ हा प्रश्न येणार. तिथे खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोटं फिरवतात, तोंडानं त्याचा आवाज काढत. दिशा आणि वळण बोटाला कळावं म्हणून. पेन्सिलीवरचा ताबा वेगळ्या साधनांनी शिकवतात. पान भरण्याशी त्याचा संबंध नाही. घरी हवं तर परातीत रवा पसरा, अक्षर तुम्ही एकदा काढून दाखवा, पुसून टाका, मग मुलाला काढू द्या. आपल्याकडची जुनी धूळपाटी याहून काय वेगळी होती?

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्यांच्या बाजूनं मान्य करते. चुकीची दिशा एकदा हातात बसली की काढणं जिवावर येतं. म्हणून मी दिवसाला एकच अक्षर, पाच-सहा वेळा, पण शेजारी बसून घ्यायचे. सुरुवात कुठून, खाली कसं, शिरोरेषा शेवटी. दहा मिनिटं पुरेत.

तीन बोटांचं थोडक्यात सांगते. दोन वर्षांचं मूल मुठीत धरतं, मग बोटं खाली वळवून, आणि तीन बोटांची सुटी, हलती पकड चार ते सहाच्या दरम्यान येते. मधल्या पायऱ्या गाळून रबरी ग्रिपर चढवला की बोटं जागेवर दिसतात, पण पुष्कळदा हलत नाहीत. त्यापेक्षा मोडलेले खडू टाकू नका. दीड इंचाचा तुकडा मुठीत मावतच नाही, चिमटीतच धरावा लागतो. आणि कुणी चार बोटांनी धरत असेल, अक्षर नीट येत असेल, तर राहू द्या.

अ ते ज्ञ हा क्रम म्हणण्यासाठी उत्तम आहे, उच्चारांच्या जागांनुसार लावलेला, त्यात तोड नाही. पण हाताला त्याचा काही उपयोग नाही, कारण पहिलंच अक्षर ‘अ’, आणि ते अवघडांपैकी एक. हाताचा क्रम वळणावरून लागतो. ‘ट’ आला की ‘ठ’ आणि ‘ढ’ जवळ येतात. ‘व’ आला की ‘ब’ आणि ‘क’. ‘प’ आला की ‘ष’ आणि ‘फ’. ‘ग’, ‘म’, ‘न’ हे तर सख्खे शेजारी, आणि त्यांतून ‘मग’, ‘नग’, ‘मन’ असे शब्दही लगेच होतात. इंग्रजी माध्यमाच्या मुलांची आणखी एक गंमत होते. रोमन अक्षर खालच्या रेघेवर बसतं, आपलं वरच्या रेघेला टांगलेलं असतं. सकाळी चाररेघी वही आणि दुपारी दुरेघी, तर चार वर्षांचं मूल गोंधळणारच. दोन लिप्या एकाच आठवड्यात सुरू करू नका. आणि पुस्तक दिल्लीत छापलेलं असेल तर ‘ल’ आणि ‘श’ बघून घ्या, हिंदी वळण वेगळं असतं.

‘३’ आणि ‘६’ची उलटापालट सहा-सात वर्षांपर्यंत चालते, तिला लगेच आजार समजू नका. पण पाच उलटली तरी मूल गोल काढत नसेल, बटण लागत नसेल, खडू दिसला की पळत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. गरज वाटली तर ते ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची हातची कामं जमावीत म्हणून सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञाकडे, पाठवतील.

डावखुऱ्यांचा हात बदलू नका. दहातलं एखादं मूल डावखुरं असतंच. त्याची वही किंचित तिरकी ठेवा, डावा वरचा कोपरा वर. बाकावर त्याला डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजाऱ्याचं कोपर लागत नाही. संपलं.

राहिला प्रवेश. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम १३ सांगतं की प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाचणी घेता येत नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे पहिली आणि दुसरीही त्यातच. चौथ्या वाढदिवसाला कुठलीही परीक्षा नाही. तरीही एखाद्या शाळेनं मुलापुढे कोरा कागद सरकवून ‘मुळाक्षरं लिही’ म्हटलंच, तर हे कलम दाखवा आणि चाचणीचं कारण लेखी मागा.