आमच्या घरांचं निमित्त करून हे मैदान मोडू नका

आई पहिल्यांदा बर्लिनला आली तेव्हा दुसऱ्याच दिवशी मी तिला टेम्पलहोफर फेल्डवर, म्हणजे बंद झालेल्या विमानतळाच्या मोकळ्या मैदानावर, घेऊन गेले. शेजारच्या नॉयकोल्न वस्तीच्या बाजूने, ओडरश्ट्रासच्या फाटकातून आत शिरलं की चार-पाच मजली इमारतींची रांग अचानक संपते आणि समोर नुसतं गवत आणि आभाळ. आई बराच वेळ तशीच उभी राहिली. आमचं घराणं मिरजेकडचं, शेतीवालं. तिने विचारलं, "कुणाची गं ही एवढी जमीन?" मी म्हटलं, सगळ्यांची. "सगळ्यांची म्हणजे? सातबाऱ्यावर नाव कुणाचं?"

तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला, म्हणून मी या जमिनीचे जुने फेरफार शोधत गेले. अठराव्या शतकात, 1720च्या दशकापासून, इथे प्रशियाच्या राजाचं सैन्य कवायत करायचं. सैनिक नसतील तेव्हा बर्लिनकर इथे फिरायला यायचे. 1909मध्ये ऑर्व्हिल राइटने इथे विमान उडवून दाखवलं, 1923मध्ये विमानतळ झाला. मग नाझी आले. मैदानाच्या कडेला कोलुम्बिया-हाउस नावाचा तुरुंग होता, तिथे त्यांनी विरोधकांना डांबलं, छळलं, पुढे त्याचीच छळछावणी केली. आज दिसणारी ती अवाढव्य अर्धवर्तुळाकार इमारत 1936पासून बांधायला घेतली, आणि युद्धाच्या काळात तिच्या दालनांत वेठबिगारांकडून लढाऊ विमानं जोडून घेतली. 1945मध्ये आधी रशियन आले, मग अमेरिकन, आणि अमेरिकन सैन्य 1990च्या दशकापर्यंत राहिलं. मधल्या काळात, 1948मध्ये, सोव्हिएत सैन्याने पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे बंद केले. तेव्हा याच धावपट्ट्यांवर दर काही मिनिटांनी कोळसा आणि पीठ घेऊन विमानं उतरत होती. शहर त्यावर जगलं.

2008च्या ऑक्टोबरमध्ये विमानतळ बंद झाला. 2010च्या मे महिन्यात फाटकं उघडली आणि तीनशे हेक्टर जमीन लोकांच्या पायाखाली आली. मुंबईकरांसाठी सांगते, अंदाजे पंचवीस शिवाजी पार्क.

सातबाऱ्यावर आज बर्लिन राज्याचं नाव आहे. पण आईला मी दिलेलं उत्तर खोटं नव्हतं. सरकारला मैदानाच्या कडेने सुमारे 4,700 घरं आणि एक मोठं ग्रंथालय बांधायचं होतं. लोकांनी सह्या गोळा केल्या, एक लाखाहून कितीतरी जास्त. 25 मे 2014 रोजी सार्वमत झालं. 64 टक्क्यांहून अधिक लोकांनी सांगितलं, काहीही बांधू नका, आहे तसंच राहू द्या. त्याचा कायदा झाला.

मग आता मी का लिहितेय? कारण तो कायदा विधानसभेत साध्या बहुमताने बदलता येतो. 2016मध्ये निर्वासितांच्या तात्पुरत्या घरांसाठी तो थोडा बदललाही होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही, माणसं उघड्यावर होती. पण 2023मध्ये आलेल्या सरकारने कडेच्या बांधकामाचा विषय पुन्हा काढला. 2024मध्ये चिठ्ठी टाकून निवडलेल्या नागरिकांना बोलावून चर्चा घेतली, त्यातल्या बहुतेकांनी बांधकाम नको म्हटलं, तरी विषय मिटला नाही. 2026च्या सप्टेंबरात बर्लिनची निवडणूक आहे.

आणि बांधायचं का, तर घरं नाहीत म्हणून. बाहेरून माणसं येतायत, त्यांना राहायला जागा नाही.

म्हणजे आपण. हैदराबाद, पुणे, नागपूरहून आयटीत आलेलो आपण, इथे शिकायला आलेली आपली मुलं. मला ही अडचण नीट माहीत आहे. मी आले तेव्हा सात महिने घर मिळत नव्हतं. एकेक घर बघायला जिन्यात चाळीस-पन्नास माणसांची रांग, हातात पगाराच्या पावत्या. आडनाव वाचून फोन न उचलणारेही भेटले. गरोदरपणातले पहिले महिने मी दुसऱ्याच्या सबलेटवरच्या खोलीत काढले, पत्त्याची नोंद होत नाही म्हणून कागद अडकले. त्यामुळे "घरं बांधा" म्हणणाऱ्याला मी कधीच हसणार नाही. घरं हवीतच. पण मोडलेली गोष्ट परत होत नाही, हे याच जमिनीने एकदा दाखवलंय. 1910मध्ये सैन्याने मैदानाचा पश्चिमेकडचा भाग विकला. तिथे आज नॉय-टेम्पलहोफची सुंदर वसाहत आहे, झाडं आहेत, बंगले आहेत. तिथून चालताना कुणाला आठवतं का की हेही मैदान होतं? मला तरी नकाशा बघेपर्यंत माहीत नव्हतं.

शिवाय दुसरा बंद विमानतळ, टेगेल, आहेच. तिथे पाच हजारांहून अधिक घरांची वसाहत ठरलेली आहे. ती आधी उभी करा, तिची भाडी परवडतील अशी ठेवा. इथे कडेने घरं बांधलीत तर गवतासमोरच्या खिडकीचं भाडं कोण भरणार आहे? जिन्यात रांगेत उभी असलेली माझ्यासारखी बाई तर नक्कीच नाही.

नॉयकोल्नमध्ये राहणाऱ्या बऱ्याच जणांना बाल्कनी नसते, अंगण नसतं. उन्हाळ्यात घरं तापतात आणि रात्री या गवतावरूनच गार हवा वस्तीत शिरते. माझी मुलगी सायकल शिकली ती धावपट्टीवर, जवळपास दोन किलोमीटर सरळ डांबर, एकही गाडी नाही. तुर्की आज्ज्या कोपऱ्यात मटण भाजत बसतात, पोरं पतंग उडवतात, लाकडी खोक्यांमध्ये लोक टोमॅटो लावतात. एप्रिल ते जुलै गवताचे मोठे पट्टे दोर लावून बंद असतात, कारण चंडोल जमिनीवर घरटी करतात. इतक्या मोठ्या शहराच्या मधोमध चंडोल उडत उडत वर जाताना गातो, हे मी आईला दाखवलं, तर ती म्हणाली, आपल्याकडे आता माळ उरलाय कुठे. हे ऐकून मला रडू आलं होतं.

मुंबईतली ओव्हल, क्रॉस, आझाद ही मैदानंही अशीच राहिली. किल्ल्याच्या तोफांना समोर अडथळा नको म्हणून मोकळी ठेवलेली ती जागा, एस्प्लनेड. 1860च्या दशकात तट पाडले, तोफांचं कारण संपलं, तरी मधला काही भाग कुणीतरी मोकळा राखला, म्हणून तिथे आज पोरं खेळतात.

माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, मला इथे मत नाही. पण ज्यांनी जर्मन नागरिकत्व घेतलंय त्या दादा-ताईंना मत आहे, आणि आपल्यापैकी प्रत्येकाच्या ऑफिसमध्ये, मुलांच्या किटामध्ये (इथल्या बालवाडीत), शेजारी मत असलेली माणसं आहेत. त्यांच्याशी बोला. त्यांना सांगा की घर न मिळालेली बाई सुद्धा म्हणते, मैदान ठेवा. आमच्या नावाने बांधकाम मागितलं जातंय, तर आमचंही ऐका. उमेदवार तुमच्या वस्तीत आले की हाच प्रश्न विचारा, आणि उत्तर लेखी मागा.

आणि या रविवारी दुपारी तीनला या. ओडरश्ट्रासचं फाटक, मुलांना घेऊन. ज्यांनी अजून मैदान पाहिलंच नाही त्यांनी तर याच. पतंग आणा, पण साधा सुती दोरा, पक्षी आहेत. चहाचा थर्मास आणि चिवडा मी आणते. वारा फार असतो, मुलांच्या कानटोप्या विसरू नका.