‘जंगल गावाला दिलं की संपलं’ म्हणणाऱ्यांनी आधी बांबूचं बेट बघावं

हा मजकूर बरेच दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. मी दुर्लक्ष करत होते. पण माझ्या भाच्याने तो एमपीएससीच्या नोट्समध्ये जसाच्या तसा उतरवून घेतलेला पाहिला, आणि आता गप्प बसवत नाही.

मजकुराचं म्हणणं असं: सगळ्यांचं ते कुणाचंच नसतं, म्हणून ग्रामसभांच्या हाती जंगल दिलं की काही वर्षांत ते बोडकं होणार. जंगल राखून जीडीपी वाढत नाही. आर्थिक वाढीला पर्याय शोधणं हे परदेशी खूळ आहे. आणि असे पर्याय सुचवणाऱ्यांना आदिवासी गरीबच राहायला हवे आहेत.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो शहाणपणाचा वाटतो. त्याचं मूळ गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या 1968च्या लेखात आहे. हार्डिनने कल्पिलेल्या कुरणात कुणीही यावं आणि कितीही गुरं सोडावीत, अशी मोकळीक होती, म्हणून ते उजाड होतं. गावाचं सामाईक जंगल तसं नसतं. तिथे कोण, कधी, किती तोडणार हे ठरलेलं असतं आणि नियम मोडणाऱ्याला चारचौघांत जाब द्यावा लागतो. आपण ‘व्यवस्थापन नसलेलं’ सामाईक कुरण म्हणायला हवं होतं, हे हार्डिनने स्वतः पुढे 1990च्या दशकात मान्य केलं. ते मान्य करणं मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते लोक सामाईक संपत्ती नियम करून टिकवतात हे दाखवल्याबद्दल.

आता आपल्याकडचं बघा. 1975च्या सुमारास कर्नाटकातले बुरूड तक्रार करत होते की कागद कारखान्यांमुळे टोपल्या विणायला बांबू उरला नाही. सरकारने पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांना अभ्यास करायला सांगितलं. तिथल्या काटेरी बांबूच्या बेटाला, म्हणजे एकत्र वाढणाऱ्या झुबक्याला, बुडाशी काट्यांची दाट जाळी असते. ती साफ केली की बेट मोकळं होऊन चांगलं वाढेल, असा वनखात्याचा आणि कारखान्याचा समज. गावकरी म्हणत होते की काटे काढले की कोवळे कोंब उघडे पडतात आणि जनावरं ते खाऊन टाकतात. गाडगीळांनी प्रत्यक्ष जंगलात निरीक्षणं घेतली, तेव्हा गावकऱ्यांचं म्हणणं खरं निघालं. म्हणजे बांबूचा नाश शास्त्रीय म्हणवणाऱ्या व्यवस्थापनाने चालवला होता, आणि बेट कसं जगतं हे ठाऊक असलेल्यांना कुणी विचारत नव्हतं. हे वाचूनही ‘लोक जंगल खातात’ असं लिहायचं असेल तर पुरावा द्या.

जीडीपीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. झाड उभं असेपर्यंत त्याची किंमत हिशेबात शून्य, तोडून विकलं की उत्पन्न. डोंगर खणून खनिज काढलं की भर पडते, डोंगर कमी झाला याची वजाबाकी होत नाही. राष्ट्राचं भलं या आकड्यावरून जोखता येत नाही, असा इशारा सायमन कुझनेट्सने 1934 मध्येच अमेरिकन काँग्रेसला दिला होता, आणि राष्ट्रीय उत्पन्नाची मोजणी उभी करणारा माणूस तोच.

परदेशी खूळ? गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीत बसून निसर्गाला न ओरबाडणाऱ्या अर्थव्यवस्थेची मांडणी करत होते, तेव्हा देश स्वतंत्रही झाला नव्हता. आणि गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने 2013 मध्ये आपल्या शेतजमिनी ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं, ते महाराष्ट्राच्याच 1964च्या ग्रामदान कायद्याखाली.

राहिला गरिबीचा मुद्दा. यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. मेंढा लहान गाव आहे. तिथे बहुमताने नाही तर सर्वसहमतीने निर्णय होतात, त्याला वेळ लागतो आणि प्रत्येक गावाला ते जमेलच असं नाही. विडीसाठी लागणाऱ्या तेंदूपानांच्या लिलावानंतर ठेकेदारांनी पैसे थकवल्याच्या तक्रारी अनेक ग्रामसभांनी केल्या आहेत. हातात रोख नसेल तर दवाखान्याचं बिल जंगल भरत नाही.

पण ही रोख अडवली कुणी? 2006च्या वनहक्क कायद्याच्या कलम 2मध्ये गौण वनोपजांच्या (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंच्या) यादीत बांबूचं नाव स्वच्छ लिहिलेलं आहे. मेंढा गावाचा सुमारे 1800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क 2009 मध्ये मान्य झाला. तरीही बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो आणि तो देणं वनखात्याच्या हातात होतं. परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेला मिळालं एप्रिल 2011 मध्ये, तेसुद्धा केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले तेव्हा. मधल्या काळात बांबू गावाचा होता, जंगल उभं होतं, कायदाही बाजूने होता. गाव थांबलं होतं ते फक्त त्या पुस्तकासाठी.