लोड होत आहे…

नागपूरच्या इतवारीत आमच्या मोठेबाबांचं सावजी मसाल्याचं दुकान आहे. दुकानाची वेबसाईट मी बनवली, तीही फुकट. त्यामुळे तिच्यात खोड काढायचा हक्क आपोआप सगळ्या खानदानाला मिळाला.

पोळ्याच्या आठवडाभर आधी मोठेबाबांचा फोन आला. "काबे, आपल्या दुकानाचं नाव 'लोड होत आहे' कधी ठेवलं?"

मी धावत दुकानात गेलो. त्यांच्या मोबाईलवर हळदीचा अंगठा उमटला होता आणि त्याच्या बाजूला गुगलवर निळ्या अक्षरांत खरंच 'लोड होत आहे…'. खाली बारीक अक्षरांत 'कृपया थांबा'. इतवारीत गिऱ्हाइकाला थांबा म्हणणं म्हणजे त्याला शेजारच्या दुकानाचा पत्ता देणं.

झालं असं, की अख्खी साईट मी जावास्क्रिप्टवर उभी केली होती. सर्व्हरकडून येतो तो एचटीएमएलचा रिकामा डबा, मसाला भरला जातो ब्राउझरमध्ये. गूगलबॉट, म्हणजे गुगलसाठी साईटी वाचत फिरणारा प्रोग्राम, आधी हा डबाच उचलतो, मग पान रेंडरिंगच्या, म्हणजे डबा भरून बघण्याच्या, रांगेत लावतो आणि आपल्या सवडीने क्रोमियम या ब्राउझरमध्ये चालवून बघतो. 2019 पर्यंत बिचारा क्रोम 41 या जुन्या आवृत्तीवर दिवस काढत होता, आता त्याचं क्रोमियमही ताजं असतं. म्हणजे त्याला नावं ठेवायची सोय नाही. बॉटने काय उघडायचं नाही ते सांगणाऱ्या रोबोट्स डॉट टीएक्सटी फाईलमध्ये जावास्क्रिप्टचा फोल्डर मीच बंद करून ठेवला होता. का, ते आता आठवत नाही. रात्रीचे दोन वाजले असतील.

दुसरी भानगड 'आणखी मसाले पाहा' या बटणाची. मटण मसाला, काळा मसाला, सगळं त्याच्या आड. साध्या लिंका कुठेच नाहीत.

"तो बॉट बटण दाबत नाही, मोठेबाबा."

"काहून? हात नाही का त्याले?"

"नाही. लिंक दिसली तरच पुढं जातो."

"म्हणजे दारातून पाट्या वाचते अन् चालला जाते?"

"हाव."

"मंग पाटी लाव ना बे दारात!"

पुढच्या दोन रात्री जागून मी जे केलं त्याला सर्व्हर-साईड रेंडरिंग म्हणतात. सर्व्हरवरूनच भरलेला डबा पाठवायचा. अर्थात, पाटी लावली. लिंका दिल्या, फोल्डर उघडला, गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये इंडेक्सिंगची, म्हणजे पान नव्याने नोंदवून घ्यायची, विनंती टाकली आणि गूगलबॉटची वाट पाहत बसलो. मोठेबाबा रोज विचारत, "आला का तो?" जणू जावईच यायचा होता.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, गल्लीत पाय ठेवायला जागा नाही, दुकान बंद. 'घेऊन जा गे मारबत'च्या गजरात मी मनातल्या मनात जावास्क्रिप्टही जोडून दिलं.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. गुगलवर आता दुकानाचं नाव बरोबर आलं होतं. खाली मात्र लिहिलं होतं: 'मारबतनिमित्त आज दुकान बंद आहे'. बॉट नेमका त्याच दिवशी येऊन गेला होता.

मी गप्प. मोठेबाबाही क्षणभर गप्प.

"पाटी मात्र बरोबर वाचली बे त्यानं."