सात हजारांची हूल

टोल्कीन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधील शेवटच्या मोहिमेबद्दल एक मत वारंवार ऐकू येते. गॉन्डोरची राजधानी मिनास तिरिथबाहेरची पेलेनॉरची लढाई जिंकल्यावर तटाआडून लढायचे सोडून गॉन्डोरच्या गादीचा वारस ॲरागॉर्न याने जेमतेम सात हजार माणसे शत्रू सॉरॉनच्या मुलखाच्या, म्हणजे मॉर्डोरच्या, काळ्या दरवाजावर नेली, शहर उघडे टाकले आणि तो केवळ नशिबाने वाचला, असे ते मत. पुस्तक नीट वाचले, तर ते टिकत नाही.

शहर उघडे टाकल्याचा आरोप सर्वांत कच्चा आहे. दक्षिणेकडून ताजी कुमक येत होती, मित्रराज्य रोहानचे सुमारे तीन हजार लोक एल्फहेल्म या सरदाराच्या हाताखाली पश्चिमेच्या रस्त्यावर ठेवले होते, आणि शहराचा बंदोबस्त हल्ल्याच्या आधीपेक्षा चांगला राहील असा हिशेब मांडूनच सात हजारांचा आकडा ठरला होता.

आता तटबंदी. मिनास तिरिथचा मुख्य दरवाजा शत्रूच्या ग्रॉन्ड या प्रचंड धडक-यंत्राने आधीच फोडला होता आणि पुढचा हल्ला याहून मोठा असणार, हे जादूगार गॅन्डाल्फने मसलतीत स्पष्ट सांगितले होते. तटाआड बसून मिळाला असता तो फक्त वेळ, आणि वेळ नेहमी ज्याच्याकडे राखीव फौज असते त्याच्या बाजूने असतो. सॉरॉनच्या सामर्थ्याचे मूळ असलेली अंगठी तिथल्या डोंगराच्या अग्नीत नष्ट करायला गुपचूप मॉर्डोरमध्ये शिरलेल्या फ्रोडो आणि सॅमला तर तो मुळीच परवडणारा नव्हता.

‘इतकी तुटपुंजी फौज पाहून सॉरॉनला संशय आला असता’ हा आक्षेप मात्र विचार करण्याजोगा आहे. पण ॲरागॉर्नने पालान्तीर या दूरचे दाखवणाऱ्या गोलातून सॉरॉनला स्वतःचे रूप आणि पुन्हा घडवलेली तलवार आधीच दाखवली होती. अंगठी हाती आल्यामुळे चढेल झालेला नवा राजा घाईने चालून येतो आहे, असा सॉरॉनचा समज व्हावा हाच डाव होता, आणि फौज लहान असल्यामुळे तो समज पक्काच होणार होता. वाटेत भालदार ‘गॉन्डोरचे सरदार परतले आहेत’ अशी ललकारी देत होते; तेव्हा गॉन्डोरचाच एक सरदार इम्राहिल याने सुचवले की सरदार म्हणू नका, ‘राजा एलेस्सार’ म्हणा, म्हणजे शत्रू अधिक विचारात पडेल. हूल कशी द्यावी, हे त्या एका शब्दाच्या बदलात दिसते.

तिचा उपयोगही झाला. सॉरॉनच्या ऑर्क सैनिकांच्या तुकड्या उत्तरेकडे हाकलल्या जात होत्या आणि फ्रोडो-सॅम स्वतःच अशा एका तुकडीत सापडले होते. पुढे तो अग्नीचा डोंगर चढताना फ्रोडोला सॉरॉनचा डोळा क्षणभर दिसला, तेव्हा त्याची नजर डोंगराकडे नव्हती. ती उत्तरेला, वेढल्या गेलेल्या त्या फौजेवर खिळली होती.

राखरांगोळी झालेल्या माळावरच्या दोन टेकाडांवर उभे राहून दहापटींहून मोठ्या सैन्याला तोंड देणे, ही लढाई म्हणून हरलेलीच बाजू होती, हे मला मान्य आहे. अंगठी अखेर तिच्या हव्यासाने मागावर आलेल्या गोलमच्या दातांमुळे अग्नीत पडली, हेही कोणत्याच सेनापतीच्या आराखड्यात नव्हते. ॲरागॉर्नला साधायचे होते ते एवढेच, की त्या घटकेला डोंगरावर कोणाचे लक्ष नसावे.