बॅटरीची तार काढून बिघाड जात नाही

पावसाळा लागला की थार, जिप्सी, स्कॉर्पिओवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. ‘चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला तर गॅरेजवाल्याच्या नादी लागू नका. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल दहा मिनिटं काढा, दिवा जाईल. परत लागला तर स्कॅनर दाखवेल तो सेन्सर बदला. डिझेल असेल तर ईजीआर कायमचा ब्लँक करा. आणि गाडी पळतेय ना, मग दुर्लक्ष करा.’ (ईजीआर म्हणजे एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, आणि ब्लँक करणं म्हणजे त्याची वाट बंद करणं.) चार सल्ले आहेत. चौथ्यात थोडं तथ्य आहे, म्हणून बाकीचे तीन खपून जातात.

टर्मिनलचं आधी बघू. बऱ्याच जुन्या गाड्यांत दिवा जातो, हे खरं. पण त्यासोबत ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, नोंदलेला दोषाचा कोड जातो आणि कोड पडला त्या क्षणाची नोंदही जाते. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. आरपीएम किती, इंजिन किती तापलेलं, लोड किती, वेग किती, हे सगळं तिच्यात असतं. समजा, सीआरडीई (कॉमन-रेल डिझेल) थारमध्ये पी००८७ हा कोड आला, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या रेल नावाच्या नळीतला दाब कमी पडला. फ्रीझ फ्रेममध्ये घाट चढतानाचा जोर दिसला तर पहिला संशय चोंदलेल्या डिझेल फिल्टरवर. आयडलिंगलाच दाब पडला असेल तर इंजेक्टरचा रिटर्न, पंप, प्रेशर कंट्रोल व्हॉल्व्ह बघायचे. ही नोंद पुसली की मेस्त्रीला अंदाजाने सुटे भाग बदलत बसावं लागतं, आणि बिल तुमच्याच नावावर फाटतं.

शिवाय बरेच कोड लागोपाठ दोन फेऱ्यांत (गाडी सुरू करून, चालवून बंद केली की एक फेरी) तोच दोष दिसल्याशिवाय दिवा लावत नाहीत. त्यामुळे टर्मिनल जोडल्यावर दोन दिवस दिवा लागला नाही की ‘जमलं!’ असा मेसेज गटावर पडतो. तिसऱ्या दिवशीचा मेसेज कुणी टाकत नाही. दोष खरोखर गेला असेल तर साधारण तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपसूक विझतो, पान्याला हात लावावा लागत नाही.

तेव्हा आधी कोड वाचा, लिहून ठेवा, मग काय ते पुसा. बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीनेच दोष ओळखून कोड नोंदवण्याची प्रमाणित व्यवस्था, एप्रिल २०१३पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या गाडीशी ऑनलाइन मागवलेला ब्लूटूथ डोंगल बोलेलच असं नाही. तिथे कंपनीचा किंवा चांगला मल्टिब्रँड स्कॅनर असलेलं गॅरेज गाठावं.

‘दाखवेल तो सेन्सर बदला’ हा सल्ला सर्वांत महागात पडतो. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड. सर्किटमध्ये सेन्सर आला, तशीच वायर, कपलर आणि अर्थिंगही आली. चिखलात, ओढ्यात घातलेल्या दहा-बारा वर्षांच्या गाडीत दोष बहुधा या उरलेल्या मंडळींत सापडतो. कपलर उघडून पिनांवर हिरवट गंज आहे का बघा, काँटॅक्ट क्लीनर मारा. इंजिन आयडलिंगला ठेवून, पंखा-बेल्टपासून हात लांब ठेवून, वायरिंग हलवून बघा. चॅसीला घासून वायर सोललीय का, उंदरांनी कुरतडलीय का, तेही. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा कोड एकदम आले तर सेन्सरांचा विचार सोडा, आधी बॅटरी-चार्जिंगचा संशय घ्या आणि मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा. बंद गाडीत भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.४. लाइटबार आणि विंचसाठी कुठूनही टॅपिंग मारलेल्या गाड्यांची तर ही खास दुखणी.

ईजीआर ब्लँक केल्यावर दिवा उलट पेटण्याचीच शक्यता जास्त. व्हॉल्व्ह उघडला की आत येणारी ताजी हवा कमी व्हायला हवी, हे ईसीयूला ठाऊक असतं. हवा मोजणाऱ्या सेन्सरवर ती कमी झालेली दिसली नाही की पी०४०१ हजर. ‘पण पीयूसी पास होते’ हा युक्तिवाद फसवा आहे. डिझेलच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही. आणि ईजीआर असतो तो नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठीच. व्हॉल्व्ह काजळीने जाम झाला असेल तर उतरवून साफ करा.

राहिला चौथा सल्ला. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी ओढत असेल, तर सावकाश घरी यायला हरकत नाही. पेट्रोल गाडीत तो लुकलुकत असेल तर मात्र मिसफायर चालू आहे. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन तो वितळवू शकतं. ॲक्सिलरेटर सोडा, जागा बघून थांबा. डिझेलचा पिकअप एकदम गेला आणि पी०२९९ (टर्बोचा दाब कमी) दिसला तर टर्बो बदलण्याआधी इंटरकूलरचा होस फाटलाय का, क्लिप सुटलीय का हे बघा. ऑइलच्या लाल दिव्याला यातलं काहीच लागू नाही, तो लागला की इंजिन तिथल्या तिथे बंद.

आता जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी. किल्ली ‘ऑन’ केल्यावर, स्टार्टर मारण्याआधी चेक इंजिनचा दिवा लागायलाच हवा. तो लागतच नसेल तर एक तर तो जळालाय, नाहीतर कुणीतरी मुद्दाम काढून टाकलाय. मीटर उघडून दाखवल्याशिवाय आणि स्कॅन केल्याशिवाय टोकन देऊ नका.