पाणी आलं, कार्ड कुठाय?

सोलापुरात नळाला पाणी कधी येतं, हे पाहुण्याने विचारू नये. चार दिवसांआड येतं, कधी पाच, आणि बहुतेक वेळा रात्री. म्हणून मी रास्पबेरी पाय थ्री हा तळहाताएवढा संगणक आणला, नळाखालच्या बादलीत फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याबरोबर वर उचलला जाणारा स्विच, सोडला, पाणी आलं की बझर वाजेल अशी सोय केली. दोन आठवडे आई गल्लीभर माझं कौतुक सांगत होती.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण लाइट गेली की पाय परत उठायला फार वेळ लावायचा. त्याचा सगळा प्रोग्रॅम मेमरी कार्डावर असतो, तिथूनच तो उठतो. मित्र म्हणाला, "कार्ड स्लो असेल बे, चेक कर की." झालं.

घरातली तीन जुनी मेमरी कार्डं गोळा केली. चौथं नव्या पेठेतून नवं आणलं. दुकानदार म्हणाला, "मालक, शंभरचा स्पीड आहे, डोळे झाकून घ्या." मी डोळे झाकूनच घेतलं. पाय थ्रीचा कार्डाचा रस्ताच मुळात सेकंदाला पंचवीस एमबीचा, हे घरी आल्यावर वाचलं. बुलेट घेऊन बाळीवेशीत शिरलात तरी पुढच्या रिक्षाच्या चालीनंच जायचं.

तरी डीडी नावाच्या कमांडने शंभर एमबीची फाईल लिहून बघितली. आकडा आला १६२! पंचवीसच्या रस्त्यावर १६२? दहा मिनिटं मी हवेत होतो. मग कळलं की फाईल कार्डावर पोचलीच नव्हती. ती रॅममध्ये, म्हणजे कॅश नावाच्या तात्पुरत्या साठ्यात, थांबली होती आणि संगणक "झालं" म्हणून मोकळा झाला होता. आईला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे टाकीतलं पाणी मोजून नळाचं म्हणून सांगतोय होय?" कॅशची याहून सोपी व्याख्या मी अजून वाचलेली नाही.

मग कमांडला 'एफडेटासिंक' जोडलं, म्हणजे शेवटचा थेंब कार्डात पडेपर्यंत घड्याळ थांबत नाही. १६२ चे ११ झाले.

खरी फजिती पुढे. कार्डावरचा 'क्लास १०' म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला किमान दहा एमबी. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या कॅमेऱ्याला ते ठीक. मागावरून चादर उतरावी तसं सरळ काम. पायचं काम किरकोळीचं. चार केबी इथं लिही, चार केबी तिथं. त्यासाठी 'ए१' ही खूण बघायची : सेकंदाला किमान ५०० बारक्या नोंदी, म्हणजे जेमतेम दोन एमबी. फिओ नावाच्या प्रोग्रॅमने ही चाचणी लावली तेव्हा शंभरवालं नवं कार्ड ०.६ एमबीवर धापा टाकत होतं, आणि आईच्या जुन्या मोबाइलमधलं, भजनांनी भरलेलं ए१ कार्ड २.८ वर पळत होतं. (भजनं आधी लॅपटॉपवर उतरवून घेतली होती. तरी आईला हे अजून सांगितलेलं नाही.)

एका आकड्यावर विश्वास ठेवू नये म्हणून प्रत्येक कार्डाची चाचणी तीनदा. मे महिना, बाहेर ४३. टेबलफॅन एकच, तो पायकडे तोंड करून, कारण तापला तर प्रोसेसर स्वतःच गती कमी करतो. मी बनियनवर, घामाघूम, वहीत रकाने आखतोय.

रात्री अडीचला शेवटच्या कार्डाची तिसरी फेरी चालू असताना शेजारच्यांची मोटर घुरघुरल्याचं ऐकू आलं. मला वाटलं, त्यांना झोप नाही.

साडेतीनला आई दारात उभी. "अरे, तुझी ती पेटी वाजली नाही?"

पेटी वाजणार कशी? बझरचं कार्ड ड्रॉवरमध्ये होतं आणि पाय परीक्षेला बसला होता. नळाकडे धावलो. करंगळीएवढी धार, मग थेंब, मग नुसती हवा. घागरीचा तळ कसाबसा ओला झाला.

आई घागरीत डोकावून म्हणाली, "हे किती एमबी झालं रे?"