थेरपीतला अपाय कोणत्या रकान्यात लिहायचा?

काही वर्षांपूर्वी थेरपीचे शेवटचे सत्र आटोपल्यावर माझ्या हातात एक फॉर्म देण्यात आला. 'आपल्याला कितपत फायदा झाला?' या प्रश्नाखाली 'अजिबात नाही'पासून 'खूप'पर्यंत पाच चौकटी होत्या. वडिलांच्या मृत्यूचा प्रसंग दर आठवड्याला नव्याने सांगून माझी झोप उडाली होती, आणि ते सांगितल्यावर 'आधी त्रास वाढतो, मग बरे वाटते' एवढेच उत्तर मिळाले होते. 'त्रास वाढला' अशी चौकट नसल्यामुळे मी 'अजिबात नाही'वर खूण केली. माझ्या बाबतीत झालेला अपाय अशा रीतीने कागदावर शून्य ठरला.

हा दोष एका फॉर्मपुरता असता तर मी लिहिले नसते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मानसोपचारांच्या १३२ चाचण्या स्वीडनमधील संशोधकांनी तपासल्या, तेव्हा अपायावर काही लक्ष ठेवल्याची नोंद फक्त २८ चाचण्यांत सापडली. काय अपाय झाले आणि ते कसे नोंदवले, हे दोन्ही सांगणाऱ्या चाचण्या अवघ्या चार होत्या. औषधाच्या चाचणीत रुग्णाचे साधे डोके दुखले तरी ते लिहून ठेवावे लागते.

उपचाराने काहींची अवस्था बिघडते, हे मानसशास्त्रज्ञ ॲलन बर्गिन यांनी १९६०च्या दशकातच मांडले होते. १९९७ साली मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन बिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुर्घटनेनंतर लवकरच काही रुग्णांना घडलेला प्रसंग सविस्तर बोलून मोकळे होण्यास सांगितले गेले. यालाच डीब्रीफिंग म्हणतात. तेरा महिन्यांनी त्यांच्यापैकी २६ टक्के जणांना आघातानंतरचा ताणविकार होता, तर डीब्रीफिंग न झालेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. डीब्रीफिंग झालेल्या गटाचा त्रास मुळातच अधिक होता, हेही सांगितले पाहिजे, त्यामुळे सगळा फरक उपचाराच्या माथी मारता येत नाही. पण बोलल्याने नुकसान तर काही होत नाही, ही आपली समजूत तपासायला हवी, एवढे त्यावरून नक्की कळते.

मी थेरपीच्या विरोधात नाही. तिने सावरलेली माणसे मी जवळून पाहिली आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये थेरपी घेतलेल्या १४,५८७ जणांच्या पाहणीत, जी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, टिकून राहिलेला वाईट परिणाम सांगणारे ५.२ टक्के निघाले, म्हणजे बहुतेकांनी तशी तक्रार केली नाही. मात्र जिथे लाखो लोक थेरपी घेतात, तिथे विसातला एक हा आकडा लहान नव्हे. आपल्याला कोणती थेरपी दिली जात आहे हेच ज्यांना नीट ठाऊक नव्हते, त्यांच्यात ही तक्रार अधिक होती, आणि सुरुवातीलाच पुरेशी माहिती मिळालेल्यांत कमी होती.

भीतीला सामोरे जाण्याच्या उपचारात अस्वस्थता काही काळ वाढते, हे खरे आहे. म्हणूनच तात्पुरता त्रास कोणता आणि अपाय कोणता, हे ठरवण्यासाठी मोजमाप लागते. नाहीतर 'मग बरे वाटते' या वाक्याला मुदतच राहत नाही, आणि बरे न वाटणारा माणूस दोष स्वतःकडे घेऊन निमूटपणे येणे बंद करतो. नकारात्मक परिणाम विचारणाऱ्या प्रश्नावल्या आज तयार आहेत. त्या दर काही सत्रांनी भरून घ्याव्यात, त्या थेरपिस्टच्या समोर बसून भराव्या लागू नयेत, आणि मध्येच थेरपी सोडून गेलेल्यांनाही पाठवाव्यात.